नाकावरचे ठिपके, स्टीलची कडी आणि पाच आठवड्यांवर आलेलं लग्न

प्रश्न : वय २६, बार्शीला राहते. नाकावर आणि हनुवटीवर ब्लॅकहेड्स आहेत. ऑनलाइन पाच नगांचा स्टीलचा रिमूव्हर सेट मागवला. दर रविवारी दहा मिनिटं वाफ घेऊन नाक साफ करते. पांढरं, दोऱ्यासारखं काहीतरी भरपूर निघतं, पण आठ-दहा दिवसांत सगळं पुन्हा होतं तसं. गेल्या महिन्यात हनुवटीवरचा एक पांढरा दाणा सेटमधल्या सुईने टोचून जोरात दाबला. निघालं काहीच नाही, दुसऱ्या दिवशी गाठ आली आणि आता तिथे तपकिरी डाग पडलाय. पाच आठवड्यांनी थोरल्या बहिणीचं लग्न आहे. आई म्हणते, हे उद्योग बंद कर आणि पार्लरमध्ये जाऊन क्लीनअप करून घे. माझं नेमकं चुकतंय काय? आणि बहिणीलाही हाच सेट हवाय, दिला तर चालेल का?

उत्तर : आधी नाकाबद्दल. दर रविवारी तुम्ही जे काढता, ते बहुतेक ब्लॅकहेड्स नाहीतच. नाकावरच्या रंध्रांतून तेल बाहेर येण्याची जी वाट असते, तिच्यात तेल आणि मृत पेशी यांची एक बारीक वात तयार होते. सिबेशियस फिलामेंट म्हणतात तिला. ती प्रत्येकाच्या नाकावर असते, तेलकट त्वचेत जास्त दिसते, आणि दाबली की दोऱ्याच्या टोकासारखी बाहेर येते. काढली तरी ग्रंथी तेल बनवायची थांबत नाही, त्यामुळे वात पुन्हा भरते. यात तुमच्या हाताचा दोष नाही आणि सेटचाही नाही. जे मुळात काढायचंच नव्हतं, ते तुम्ही दर आठवड्याला काढत होतात.

खरा ब्लॅकहेड ओळखायला सकाळी खिडकीपाशी उभ्या राहा. मोठं दाखवणारा आरसा नको, साधाच घ्या. एकसारखे, एकाच अंतरावरचे, राखाडी आणि सपाट ठिपके दिसतात ते फिलामेंट. ब्लॅकहेड एकटादुकटा असतो. तोंड रुंद, रंग काळा, बोट फिरवलं तर किंचित उंचवटा लागतो, आणि निघतो तेव्हा खसखशीच्या दाण्यासारखा घट्ट खडा निघतो, वरचं टोक काळं आणि खालचा भाग पिवळट. ते काळं म्हणजे मळ नव्हे. रंध्राच्या उघड्या तोंडाशी बसलेल्या बुचातलं मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, आणि हवेमुळे बदललेलं तेल यांचा तो रंग आहे. म्हणून घासून तो जात नाही, स्क्रबने तर नाहीच. अशा रीतीने मोजायला बसलात तर नाकावर चाळीस वाटत होते त्यातले खरे चार-पाचच निघतील. सेटमधली तारेची कडी लावायची ती फक्त त्यांना.

हनुवटीवरचा पांढरा दाणा हे वेगळं प्रकरण. त्याला बंद कोमेडोन किंवा व्हाइटहेड म्हणतात. बूच आत तेच असतं, पण रंध्राचं तोंड इतकं बारीक की वरून त्वचेचं झाकण असल्यासारखं दिसतं. वाट नसताना जोर लावला की बूच वर येत नाही, खाली फुटतं. रंध्राची भिंत आत चिरते, तेल आणि केराटिन (मृत पेशींतलं प्रथिन) आजूबाजूच्या त्वचेत सांडतं. शरीराच्या दृष्टीने ती काट्यासारखी बाहेरची वस्तू, म्हणून ते तिच्यावर तुटून पडतं. दुसऱ्या दिवशीची गाठ ती हीच. गाठ बसल्यावर आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत तिथे जास्तीचं मेलॅनिन साठून राहतं, तो तपकिरी डाग. जागेवर खड्डा नसेल तर हा व्रण नाही, नुसता रंग आहे. जाईल, पण काही महिने घेईल. त्यावर आता लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा यातलं काही लावू नका, आणि तो पुन्हा टोचू तर अजिबात नका. रोज सकाळी एसपीएफ ३० किंवा त्याहून वरचं सनस्क्रीन, तर्जनी आणि मधलं बोट भरून दोन पट्ट्या, चेहरा आणि गळा मिळून. शिवाय दिवसातून एकदा ५ टक्क्यांपर्यंतचं नायसिनामाइड (बी३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) लावा. सोलापूर जिल्ह्यातल्या उन्हात सनस्क्रीनवाचून डागावर दुसरं काहीही लावलं तरी ते वायाच जातं.

डॉक्टरही व्हाइटहेड काढतात, मग आपण का नाही? कारण ते टोचत नाहीत, उचलतात. निर्जंतुक सुई त्वचेला जवळजवळ समांतर धरून फक्त वरच्या झाकणाला टोकाएवढी फट पाडायची आणि लगेच कडी ठेवायची, असं ते काम आहे. आरशात उलटा दिसणारा स्वतःचा हात, ती सुई आणि हनुवटीचा वळसा, एवढं एकत्र सांभाळणं घरी होत नाही. तेव्हा सेटमधली टोकदार बाजू वापरातून काढून टाका. तिच्यावर औषधाच्या दुकानातल्या चिकटपट्टीचे चार वेढे घाला म्हणजे विसरून तिकडे हात जाणार नाही.

आता उरलेला सेट तपासू. पाच नगांच्या सेटमध्ये साधारण बारीक तारेच्या कड्या, रुंद कडी, भोक असलेला चपटा चमचा आणि वाकडा चिमटा असतो. डॉक्टरांकडच्या एका साधनाला शामबर्ग म्हणतात, फिलाडेल्फियाच्या एका त्वचारोगतज्ज्ञाच्या नावावरून. तुमच्या सेटमधल्या दोन टोकांच्या कड्या याच घराण्यातल्या. फार बारीक तार त्वचेत रुतते आणि चिरते, थोडी जाड, गोल कडेची तार जोर पसरवते. कडी दांड्याला जिथे जोडलेली असते तिथे कापूस घासून बघा. धागे अडकले तर तिथे खरखर आहे, ती त्वचाही ओरबाडणार, तो नग बाद. गंजाचा ठिपका दिसला तरी बाद. आतल्या भोकाची रुंदी दोन-तीन मिलिमीटर असावी, म्हणजे बूच आणि त्याच्याभोवतीची थोडी मऊ त्वचा आत मावते. चिमट्याची घरी गरज पडत नाही. तो दोन्ही बाजूंनी त्वचा चिमटतो आणि लाल खुणा तेवढ्या सोडतो.

साफ करण्यात बहुतेकजण थेट स्पिरिटवर जातात, तिथे चुकतं. कडीला तेल चिकटलेलं असताना स्पिरिट आतपर्यंत पोचत नाही. आधी भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश आणि कोमट पाणी, मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दहा मिनिटं पूर्ण बुडवून ठेवायचं आणि स्वच्छ टिशूवर सुकू द्यायचं. अल्कोहोल नसेल तर उकळत्या पाण्यात वीस मिनिटं. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात उकळलंत तर कडीवर पांढरा थर बसतो आणि तोच खरखरीत होतो, तेव्हा गाळलेलं किंवा आरओचं पाणी घ्या. गॅसच्या ज्योतीवर धरणं हा उपाय नाही, काजळी बसते. आणि स्पिरिटने ओली वस्तू ज्योतीजवळ नेणं म्हणजे आग ओढवून घेणं. काम झाल्यावर पुन्हा हीच धुलाई. न्हाणीघरातल्या दमट कपाटात उघडा ठेवू नका, कोरड्या डबीत ठेवा.

काढायच्या आधी दोन आठवडे तयारी हवी, आणि खरं काम तीच करते. रात्री, एकाआड एक दिवस, २ टक्के सॅलिसिलिक ॲसिडचं लावून ठेवायचं जेल किंवा लोशन नाकावर आणि हनुवटीवर लावा. सॅलिसिलिक तेलात विरघळतं म्हणून रंध्राच्या आत शिरतं आणि बुचाला धरून ठेवलेल्या पेशी सैल करतं. फेसवॉशमधलं सॅलिसिलिक मिनिटभरात धुऊन जातं, त्याच्यावर फार भिस्त ठेवू नका. कोरडेपणा, सालं किंवा झोंबणं सुरू झालं तर आठवड्यातून दोनदाच लावा. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर हे टाळा. दोन आठवड्यांत बरेचसे ब्लॅकहेड्स आपोआप पातळ होतात, उरतात ते कडीला सहज येतात. सैल न झालेल्या बुचावर कडी चालवणं म्हणजे पीठ न भिजवताच पोळी लाटायला बसण्यासारखं.

प्रत्यक्ष दिवशी सॅलिसिलिक नाही. वेळ रात्रीची, म्हणजे नंतर लगेच ऊन, धूळ, मेकअप काही नाही. नखं कापलेली, हात साबणाने वीस सेकंद धुतलेले. चेहरा सौम्य फेसवॉशने धुवा. मग वाफ नाही. रंध्रांना दारं नसतात, ती उघडत-मिटत नाहीत; उष्णता फक्त बूच मऊ करते, आणि त्यासाठी दहा मिनिटांची वाफ लागत नाही. तिने त्वचा भिजून फुगते, लाल होते आणि मग थोड्या दाबानेही फाटते. वांग असेल तर उष्णतेने तो गडद होऊ शकतो. कोमट पाण्यात पिळलेला स्वच्छ नॅपकिन तीन ते पाच मिनिटं नाकावर ठेवा. मनगटाच्या आतल्या बाजूला जितकं गरम सुखद वाटतं तितकंच. नंतर टिशूने टिपून कोरडं करा, ओल्या नाकावर कडी घसरते.

कडीचा जोर आधी हातावर अजमावा. मनगटाजवळ आतल्या बाजूला कडी टेकवून दाबा आणि उचला. गोल खूण मिनिटभरात गेली तर तेवढा जोर ठीक, राहिली तर तो जास्त आहे. नाकावर याहून अधिक कधीच नाही.

मग आरशासमोर, वरून आणि एका बाजूने उजेड घेऊन. ठिपका कडीच्या अगदी मध्यात यायला हवा. कडी तिरकी बसली तर एका बाजूने बूच आतच ढकललं जातं, दुखतं त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. दुसऱ्या हाताच्या बोटाला टिशू गुंडाळून बाजूची त्वचा हलकेच ताणून धरा. आधी सरळ खाली, फक्त भोवतीची त्वचा फिकट होईपर्यंत. तिथे एक-दोन सेकंद थांबा. मग जोर न वाढवता कडी किंचित कलती करून, जिकडे लव झुकलेली असते तिकडे सरकवा. रंध्र त्वचेत तिरकं असतं, लवेची दिशा हीच त्याची दिशा. उलट ओढलं तर बूच अर्धं तुटून राहतं. दिशा कळत नसेल तर दुसऱ्या प्रयत्नाला कडी पाव वळण फिरवून पुन्हा बघा. निघालेलं टिशूवर पुसा, कडी स्पिरिटच्या कापसाने पुसा, तीस सेकंद सुकू द्या, मग पुढचा.

एका रंध्राला दोन प्रयत्न, फार तर तीन. नाही आलं तर ते आज येणार नाही. एका बैठकीत चार-पाच रंध्रं, दहा मिनिटं, बास. सगळं बिघडतं ते याच टप्प्यावर, कारण पहिलं सहज निघालं की हात सैल सुटतो आणि शेजारच्या फिलामेंटवर जातो. पाण्यासारखी लस किंवा रक्ताचा थेंब दिसला की तिथलं काम संपलं. बूच अर्धं आत असलं तरी. स्वच्छ टिशूने दोन मिनिटं दाबून धरा आणि सोडा. जवळ घड्याळ लावून बसा, आरसा वेळ खातो.

पुढे थंड पाण्याचा नॅपकिन पाच मिनिटं. साधं, सुगंध नसलेलं मॉइश्चरायझर पातळ थरात. दोन दिवस सॅलिसिलिक, स्क्रब, उटणं, फेसपॅक काही नाही, एक दिवस मेकअप नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून सनस्क्रीन. त्याच जागेवर पुन्हा कडी तीन-चार आठवड्यांआधी नको. थोडा लालसरपणा रात्रीत जातो. तो दोन दिवसांनी वाढत असेल, दुखणं ठसठसत असेल, पू दिसत असेल तर डॉक्टर. नाकाचा वरचा भाग आणि ओठांचे कोपरे जोडून जो त्रिकोण होतो, तिथल्या शिरांचा संबंध डोळ्यामागच्या शिरांशी असतो. त्या भागातल्या फोडानंतर ताप, डोळ्याभोवती सूज, दुहेरी दिसणं किंवा तीव्र डोकेदुखी आली तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. हे क्वचित होतं, पण थांबून बघण्यासारखं नाही.

काही ठिकाणी कडी लावायचीच नाही. लाल, दुखरा मुरुम, आत गाठ, पू असलेला फोड, ओठावरचा तापाचा फोड, चामखिळी, ज्या खाजवल्याने पसरतात, डोळ्यांच्या कडांना असलेले कडक पांढरे मोत्यासारखे मिलिया. पाठीवर मधोमध काळा ठिपका असलेली हलणारी गोळी ब्लॅकहेड नसते, तिला आत पिशवी असते. दाबली तर घाण वासाचं निघतं, पण पिशवी राहते आणि पुन्हा भरते. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच संपल्या असतील, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, केलॉइड (जखमेवर वाढत जाणारा जाड व्रण) होण्याची प्रवृत्ती असेल, साखर ताब्यात नसेल, तर घरी नाही. आणि एक गोष्ट मुद्दाम विचारते : गोरेपणाची किंवा डागांची म्हणून कुणी दिलेली क्रीम लावता का? अशा कितीतरी क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. त्याने त्वचा कागदासारखी पातळ होते, वर मुरुमही येतात. तिथे कडी म्हणजे जखमच. ती एकदम बंद केल्यास चेहरा भडकतो, डॉक्टरांना दाखवूनच थांबवा.

पार्लरबद्दल आईंचं म्हणणं अगदी चूक नाही. सराव असलेला हात तुमच्याच नाकावर तुमच्यापेक्षा बरा चालतो. पण तिथे दोन गोष्टी विचाराव्या लागतात. सुई किंवा ब्लेड तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघतं का, आणि कडी आधीच्या गिऱ्हाइकानंतर कशी साफ केली. हिपॅटायटिस बी (यकृताचा आजार) चा विषाणू शरीराबाहेर सुकलेल्या रक्तात किमान सात दिवस संसर्ग करू शकतो. मगातल्या डेटॉलच्या पाण्यात बुडवणं पुरेसं नाही. निळ्या उजेडाची (यूव्ही) पेटी दाखवली तरी समाधान मानू नका. आधी न धुतलेल्या किंवा सावलीत पडलेल्या भागावर तो उजेड पोचत नाही. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) असेल तर उत्तम, नसेल तर स्वतःची कडी घेऊन जा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. क्लीनअपचा नेहमीचा क्रम म्हणजे स्क्रब, वाफ, काढणं, मग पंधरा मिनिटं क्रीमचा मसाज. तो शेवटचा मसाज नको म्हणा. नुकत्याच मोकळ्या झालेल्या रंध्रांवर जड क्रीम चोळण्यात काय हशील? चेहऱ्यावर चिकटवून ओढायचा व्हॅक्यूमही नको, जोर जास्त झाला की जांभळे डाग आणि फुटलेल्या बारीक शिरा मागे राहतात.

अजून एक कारण तपासा, कारण कपाळावरचे दाणे बहुधा इथून येतात : खोबरेल तेल. रात्री डोक्याला लावलेलं तेल उशीवरून गालावर आणि कपाळावर उतरतं. तेल लावायचंच असेल तर धुण्याआधी दोन तास, रात्रभर नको, आणि उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा बदला. हनुवटीवर दाणे सतत येत असतील, पाळी लांबत असेल आणि हनुवटीवर जाड केस दिसत असतील, तर ते एकत्र डॉक्टरांना सांगा, तो संप्रेरकांचा प्रश्न असू शकतो.

लग्नाचा हिशेब असा. आजपासून दोन आठवडे फक्त सॅलिसिलिक. तिसऱ्या आठवड्यात कडीची एकच बैठक, लग्नाच्या किमान पंधरा दिवस आधी. त्यानंतर कडीला हात नाही, कितीही ठिपके दिसले तरी. एखादा दाणा लाल झाला तरी त्याला बसायला वेळ मिळतो. व्हाइटहेड्ससाठी ॲडापालीन ०.१ टक्के जेल हे चांगलं औषध आहे, पण ते आत्ता सुरू करू नका : पहिले काही आठवडे त्वचा सोलते, लाल होते, कधी दाणे आधी वाढतातही. लग्न झाल्यावर डॉक्टरांना विचारून रात्री, पूर्ण चेहऱ्याला मटारच्या दाण्याएवढं. परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. गरोदरपणात किंवा तसा विचार असेल तर ते घ्यायचं नाही. ॲडापालीन लावत असताना अप्पर लिपला वॅक्स केलं की त्वचेचा थर निघून येतो, ही तक्रार लग्नसराईत हमखास ऐकू येते. दोऱ्याने करा किंवा आठवडाभर आधी जेल थांबवा.

करवली म्हणून हळदीच्या दिवशी बहिणीची हळद तुमच्याही गालाला लागणारच. त्यात तेल असतं. पंधरा दिवसांपूर्वी मोकळी झालेली रंध्रं तोवर शांत झालेली असतात, दोन दिवसांपूर्वीची नसतात. हळद तासाभरात धुऊन टाका, सौम्य फेसवॉशने दोनदा.

बहिणीला सेट देऊ नका. सख्खी असली तरी नाही. रक्ताचा एक थेंब डोळ्यांना दिसत नाही इतका बारीकही असू शकतो. वेगळी कडी तिला घेऊन द्या, एकच, जाड तारेची. आणि लग्नाला पाच आठवडे उरलेले असताना नवरीने पहिल्यांदाच हा प्रयोग करू नये. तिचा चेहरा जसा आहे तसा बरा आहे. ती कडी तिने लग्नानंतर उघडावी.